परळमधली प्रयोगशाळा, परळीतला प्रश्न

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे एसटीनं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीन जातींचे फलक दिसतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे, नीटच्या क्लासचे आणि वंध्यत्व निवारण केंद्रांचे. पहिल्या दोहोंबद्दल टपरीवर तासन्‌तास बोललं जातं. तिसऱ्याकडे सगळे बघतात, बोलत कोणी नाही. फलकावरचं बाळ गोरंपान आणि निळ्या डोळ्यांचं असतं. ते आपल्या कोणत्या तालुक्यातलं, हे विचारायचं माझं राहूनच गेलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी २७ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. बारावीचं प्रजननाचं प्रकरण आलं की माझ्या आधीचे शिक्षक ‘हे घरी वाचा’ म्हणून पुढे सरकायचे. मी फळ्यावर आकृती काढून शिकवायचो. त्यामुळे असेल, पण एकदा तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ती आजीजवळ राहून शिकलेली. म्हणाली, “सर, डॉक्टर न होता नुसतं यातच संशोधन करायचं म्हटलं, तर पोट भरतं का?” मी म्हणालो, “आधी डॉक्टर हो, मग बघू.” आपल्याकडचा कुठलाही शहाणा माणूस हेच सांगेल. पण ते उत्तर चुकलं होतं, असं मला आता वाटतं, आणि का चुकलं ते इथे मांडतो.

वंध्यत्वावरचं सगळ्यात मोठं काम ज्यांच्या नावावर आहे ते रॉबर्ट एडवर्ड्स डॉक्टर नव्हते. २०१० साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ‘टेस्ट ट्यूब बेबीचे जनक’ वाचून अनेकांना ते स्त्रीरोगतज्ज्ञ असावेत असं वाटलं. प्रत्यक्षात हा गडी वेल्समध्ये शेतकी शिकायला गेला होता. तिथे मन रमेना म्हणून प्राणिशास्त्राकडे वळला, आणि मग एडिंबरोला पशूंच्या आनुवंशशास्त्राच्या संस्थेत उंदरांवर काम करून पीएचडी झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सीला गेलेला आपला एखादा पोरगा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अंदाज येईल.

त्यांचा पहिला महत्त्वाचा शोध तर निव्वळ वाट बघण्याचा होता. जुन्या संशोधनात लिहिलेलं होतं, की बाईचं बीज शरीराबाहेर बारा तासांत पिकतं. एडवर्ड्स बारा तासांनी बघत, काही झालेलं नसे. पुन्हा नवी बीजं, पुन्हा बारा तास. अशी काही वर्षं गेली. मग त्यांनी घड्याळावरचा विश्वास सोडून नुसतं बघत राहायचं ठरवलं. पंचवीसएक तासांनी बीजात हालचाल दिसली, आणि पूर्ण पिकायला छत्तीस तासांच्या पुढे लागतात हे त्यांनी १९६५ साली छापलं. आज आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या, उपचारात बीज पिकवणारं शेवटचं इंजेक्शन दिल्यावर ३४ ते ३६ तासांनी बीज बाहेर काढतात. म्हणूनच ते इंजेक्शन बहुधा रात्री घ्यावं लागतं. माजलगाव नाहीतर अहमदपूरची एखादी बाई मोबाइलला गजर लावून रात्री दहाला सुई टोचून घेते, त्या गजराच्या मागे एका शेतकी सोडलेल्या माणसाची ती वाया गेलेली वर्षं आहेत.

पुढची गोष्ट तर आपल्या बायकांच्या अगदी ओळखीची. बीज बाहेर काढायचं कसं, हा प्रश्न इंग्लंडमधल्या ओल्डहॅमचे स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांनी सोडवला, तो पोटात दुर्बीण घालून. मराठवाड्यात ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की मुलं बंद करण्याचं शिबिर आठवतं. तीच दुर्बीण, तीच नळी. एकीकडे ती पाळणा थांबवायला वापरली गेली, दुसरीकडे हलवायला. मूल होणं आणि मूल थांबवणं ही दोन शास्त्रं नाहीत, एकच आहे. ‘लोकसंख्या एवढी वाढलेली असताना वंध्यत्वावर संशोधन कशाला’ असं विचारणाऱ्यांकडे मी पुढे येणारच आहे, तेव्हा ही दुर्बीण ध्यानात ठेवा.

१९६९ ते १९७८ या काळात एडवर्ड्स, स्टेप्टो आणि त्यांची सहकारी जीन पर्डी यांच्याकडे २८२ स्त्रिया आल्या. गर्भ ११२ वेळा सोडला. दिवस राहिले ५ जणींना. मुलं जन्मली २. त्यांतली पहिली लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८. मधल्या काळात, १९७१ साली, ब्रिटनच्या सरकारी वैद्यक संशोधन मंडळानं त्यांना पैसे नाकारले होते. जीन पर्डी नर्सचं शिक्षण घेतलेली. ती १९८५ सालीच गेली आणि तिचं नाव कितीतरी वर्षं पाटीवर आलं नाही. बाकीच्या बायकांची नावं तर कुठल्याच पाटीवर नाहीत. संशोधकाची कारकीर्द म्हणजे काय, असं त्या मुलीनं आज विचारलं, तर मी हे आकडे तिच्यापुढे ठेवीन. दहा वर्षं हातात जवळपास काही न येता तोच प्रश्न धरून बसायचं, आणि तेवढ्या काळात कोणीतरी चूल पेटती ठेवायची. आपल्याकडे तीन वर्षांच्या प्रकल्पाचा दुसरा हप्ता तिसऱ्या वर्षी येतो, तेव्हा प्रकल्पाच्या पैशावर नेमलेला पोरगा बँकेच्या परीक्षेला बसलेला असतो.

भारतातली कथा याहून कडवट आहे. लुईसनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी गर्भ गोठवून ठेवला होता आणि नंतर सोडला होता. आज सर्रास वापरली जाणारी रीत. सरकारी समिती बसली आणि तिनं त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं. परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. शेवटी बदली झाली, ती डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ला त्यांनी जीव दिला. बदलीचं हे हत्यार मराठवाड्यातल्या सरकारी नोकराला समजावून सांगायची गरज नाही.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून जन्मलेलं मूल भारतातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. आनंदकुमार हे वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक. त्यांनी नंतर मुखोपाध्यायांचे हस्तलिखित कागद मिळवले, बारकाईनं वाचले आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून टाकलं, की पहिलेपणाचा मान आमचा नाही, त्यांचा आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्यानंच फेरफारासाठी अर्ज करावा, तसं हे झालं. वैद्यकातले मोठे शोध मी बरेच वाचले, पण माझ्या मते या क्षेत्रात भारतीयाच्या हातून घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट हा लेखच आहे.

केईएम परळमध्ये. ती संशोधन संस्थाही परळमध्येच. रुग्णालय महापालिकेचं, संस्था केंद्र सरकारची. म्हणजे सुरुवात सार्वजनिक पैशातून झाली, गिरणगावातल्या कामगारांच्या दवाखान्यात. आणि प्रश्न? तो एक अनुस्वारही न लागता, एक वेलांटी वाढवून, परळीत पडून आहे. परळी, धारूर, वडवणी, केज, गेवराई, पाटोदा.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ जणींना विचारलं, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास येतं. आकडे आले, पत्रकार आले, विधान परिषदेत चर्चा झाली, समिती आली, खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ते बरंच झालं. पण सगळी चर्चा ‘कोणी काढल्या’ इथे अडकली. त्या बायका दवाखान्यात गेल्याच कशासाठी, याचा पाठपुरावा शास्त्रानं केला नाही.

त्या जातात अंगावरून जातं म्हणून, ओटीपोट दुखतं म्हणून, पाळीत रक्त फार जातं म्हणून. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, आडोसा नाही, पाणी नाही, पहाटे चारला फडात, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, आणि एक दिवस चुकला की खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळे बाई बसली की दोघांची मजुरी बुडते. लग्नं लवकर: याच कुटुंब पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुणींचं प्रमाण सुमारे २२ टक्के होतं, बीडमध्ये ते ४४च्या जवळ आणि परभणीत ४८. विशीत दोन-तीन बाळंतपणं झालेली. जंतुसंसर्ग गोळ्यांवर दाबलेला. मग कोणीतरी सांगतं, ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल.’

हाच संसर्ग, हेच दुखणं वस्तीवरच्या दुसऱ्या बाईला वेगळीकडे नेतं. तिला एक मूल होतं आणि पुढे होतच नाही, किंवा एकही होत नाही. नळ्या बंद. क्षयरोग फुप्फुसाला होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो गर्भनलिकांतही मुक्काम करतो आणि भारतात वंध्यत्वाचं ते एक महत्त्वाचं कारण आहे, हे बाईला सांगणारा क्वचित भेटतो. हा क्षय खोकत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासला तरी जंतू इतके थोडे असतात की हुकतात. मराठवाड्यातल्या किती बायकांच्या नळ्या क्षयानं गेल्या, किती बाळंतपणातल्या संसर्गानं, किती गर्भपातानंतर? पिशवी काढलेली आणि मूल न झालेली या दोन बायका कागदावर दोन वेगळ्या समस्या आहेत. एक शोषणाची बातमी, दुसरी फलकावरची गिऱ्हाईक. माझा अंदाज असा, की पुष्कळदा त्या एकाच दुखण्याच्या दोन टोकांना उभ्या आहेत. अंदाज म्हणतो, कारण तो खरा की खोटा हे तपासायला पंधरा-वीस वर्षं त्याच बायकांच्या मागे राहणारा माणूस लागतो, आणि तो इथे नेमलेलाच नाही.

आयव्हीएफ याचं उत्तर देत नाही. द्यायचं त्याचं कामही नाही. नळी बंद आहे ना, मग नळीला वळसा घाला, ही त्याची मूळ कल्पना. १९९२ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी एकच शुक्राणू सुईनं थेट बीजात सोडून गर्भधारणा साधली, आणि पुरुषाच्या दोषालाही वळसा मिळाला. एक शुक्राणू पुरतो म्हटल्यावर बाकीचे कुठे गेले, हे विचारायची घाई कोणाला? विहीर आटली की टँकर येतो, तसं हे आहे. टँकरला मी नावं ठेवणार नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ते प्यायलेल्या माणसानं टँकरविरुद्ध लेख लिहू नये. तहान खरी असते. मूल नसलेल्या बाईची तर फारच खरी असते; बारशाला तिला पाळण्याजवळ येऊ देत नाहीत, ओटी भरताना तिला वगळतात, सासू तुळजापूरला नवस बोलते आणि परत येताना दुसरी सोयरीक बघून येते. अशा बाईला लाख-दोन लाखांची एक फेरी परवडावी म्हणून सरकारी रुग्णालयांत ही सोय हवी, असंच माझं मत आहे. पण टँकरवाल्याला विहीर भरण्यात रस नसतो, हेही इथल्या माणसाला दुसऱ्यानं शिकवायला नको.

आता पुरुषांकडे येतो, कारण इथे आपण सगळ्यात जास्त लबाडी करतो.

आमच्या गावात कृत्रिम रेतनाला येणारा माणूस मोटारसायकलवर नायट्रोजनचं पिंप बांधून येतो. गाय माजावर कधी आली, कधी भरवली, उलटली का, गाभण राहिली का, सगळं तारीखवार त्याच्या वहीत असतं. आणि त्या कांडीतल्या वीर्याची तपासणी गोठवण्याआधी आणि नंतर झालेली असते. वळूचं बीज चांगलं असल्याची खात्री केल्याशिवाय कोणी गाईला बोल लावत नाही. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत पशुप्रजननाचे स्वतंत्र विभाग आहेत. देवणी आणि लाल कंधारी जनावरं टिकावीत म्हणून तिथे माणसं आयुष्य घालतात. ते योग्यच आहे. पण त्याच गावातल्या जोडप्याला मूल झालं नाही तर बाईची सोनोग्राफी पाच वेळा, नळ्यांची तपासणी दोन वेळा, अंगारे-धुपारे वेगळे, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नाही, अशा फायली मी स्वतः हाताळल्या आहेत. गावात शिकलेला माणूस म्हणून लोक रिपोर्ट वाचायला आणून देतात. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं, हे सांगितलं की समोरचा माणूस फाइल उचलून पिशवीत घालतो.

आणि हा नुसता अज्ञानाचा प्रश्न नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कीडनाशकाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यात आलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मुलंच होत नाहीत. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू नगण्य किंवा शून्य निघाले. कारण होतं डीबीसीपी नावाचं जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध. दोन वर्षांत अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर थांबला. हा शोध प्रयोगशाळेतून सुरू झाला नाही, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांतून झाला, कारण ते पुरुष एकमेकांशी हे बोलले.

आपल्याकडे कापसावर पाठीवरच्या पंपानं फवारणी होते, अंगावर साधा सदरा. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं, आणि मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४वर असतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे उन्हाचा परिणाम होत असेलच तर तो जुलै-ऑगस्टच्या नमुन्यात दिसेल आणि फवारणीचा दिवाळीच्या सुमारास. किती सरळ प्रश्न आहे हा! याला गर्भ गोठवायची यंत्रं लागत नाहीत. काही गावं, काही शे पुरुष, वर्षातून चार नमुने, तेच पुरुष पुढची दहा वर्षं. उत्तर ‘काहीच परिणाम नाही’ असं आलं तरी ते उत्तरच आहे. परळमधला शास्त्रज्ञ हे करू शकत नाही, त्याच्या हुशारीत कमी आहे म्हणून नव्हे. नमुना तासाभरात तपासावा लागतो आणि परळ ते परळी रात्रभराचा प्रवास आहे.

लोकसंख्येचा आक्षेप आता घेऊ. याच कुटुंब पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होतात. लोकसंख्या स्थिर ठेवायला २.१ लागतात. राज्य हा उंबरठा केव्हाच ओलांडून गेलं. पण समजा, आकडा तीन असता तरी मी हेच म्हटलं असतं. सरासरीनं कोणाची कूस उजवत नाही. शिवाय दुर्बीण आठवा. पुरुषांसाठी चांगलं गर्भनिरोधक अजून बाजारात नाही, ते कधी आलं तर शुक्राणूंच्याच अभ्यासातून येणार आहे. तोवर ऑपरेशन बाईच्याच वाट्याला.

मग करायचं काय? नवी संस्था, नवं भूमिपूजन, नवी कोनशिला मला नको आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेतच. प्रत्येकी एक प्रजनन प्रयोगशाळा आणि दोन कायम पदं, त्यांतलं एक डॉक्टर नसलेल्या जीवशास्त्रज्ञाचं. पंधरा वर्षं बदली नाही, कंत्राट नाही, दुसऱ्या कॉलेजच्या तपासणीच्या दिवशी खुर्ची भरायला पाठवणं नाही. ऊसतोड कुटुंबांच्या नोंदी त्यांनी ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर त्या कुटुंबांबरोबर कोल्हापूर-सांगलीच्या फडावरही जावं. २०२१च्या कायद्यानं प्रत्येक आयव्हीएफ केंद्राला राष्ट्रीय नोंदवहीत माहिती देणं बंधनकारक केलं आहे. ती नावं वगळून जिल्हावार उघड करा, म्हणजे किती फेऱ्यांत किती मुलं, हे फलकाऐवजी कागदावर दिसेल. विद्यापीठांतल्या प्राणिशास्त्र विभागांत दरवर्षी पीएचड्या होतात. माशांवर आणि गांडुळांवर होतात, मीच त्यांतला एक. वाईट काही नाही. पण माझ्या मार्गदर्शकांनी मला परभणीच्या शेतमजुराचं वीर्य तपासायला सांगितलं असतं तर मी लाजून विषय बदलून मागितला असता, हेही कबूल करतो.

लातूर पॅटर्ननं आपल्याला हजारो डॉक्टर दिले, त्याचा अभिमान मलाही आहे. त्यांतले बरेच प्रामाणिक आहेत, रात्री-अपरात्री बाळंतपणं करतात. पण दिवसाला शंभर पेशंट बघणाऱ्या माणसाकडून ‘हे असं का होतं’ हा प्रश्न दहा वर्षं धरून बसण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. तो वेगळा पेशा आहे. त्याला वेगळा पगार आणि वेगळी इज्जत लागते.

ती मुलगी डॉक्टर झाली. बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षात तिला एका तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मिळालं. मागच्या महिन्यात फोन आला होता. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक चांगला आहे म्हणाली, थुंकी तपासायला वापरतात. मी विचारलं, रक्तपेशी मोजायची काचपट्टी आहे का, न्यूबॉरची? शुक्राणूंची मोजणी तिच्यावरच होते. “आहे की सर. कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उघडून बघितली, कोरी आहे.” थोडं थांबून म्हणाली, “इथे अजून कोणाच्या नवऱ्यानं विचारलंच नाही.”